कण्यावर मावेल तेवढं इंग्रजी

माझ्या थोरल्या नणंदेला दीड-दोन हजार प्रबंधांची इंग्रजी नावं पाठ आहेत. त्यातला एकही प्रबंध त्यांनी वाचलेला नाही. त्यांचं काम वाचायचं नव्हतंच, बांधायचं होतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तळमजल्याला, जिन्याच्या पोटात बांधणीची खोली होती. बावीस वर्षं त्या तिथे प्रबंध शिवायच्या, पुठ्ठा चढवायच्या आणि कण्यावर, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर, सोनेरी अक्षरं उमटवायच्या. घरात आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो, विद्यापीठात त्या बाइंडरबाई.

कण्यावर अठ्ठावीस अक्षरं मावतात. विद्यार्थ्यांची शीर्षकं मात्र मालगाडीसारखी. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या खाण्याच्या सवयींवर ऋतुबदलाचा काय परिणाम होतो, असं एक लांबलचक शीर्षक ताईंकडे नोकरीच्या पहिल्याच वर्षी आलं. मावत नव्हतं म्हणून त्यांनी आपल्या अकलेने 'सीझनल चेंजेस' एवढं ठेवलं. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक प्राध्यापक तणतणत खाली उतरले. आमच्या मुलीने चार वर्षं गोगलगायी पाळल्या बाई, हवामान नाही पाळलं, म्हणाले.

बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या ताईंना तिथून नाद लागला. एवढ्या शब्दांच्या गर्दीत घरमालक कोण आणि पाहुणे कोण, म्हणजे मुख्य शब्द कुठला आणि त्याला चिकटलेले कुठले, हे शोधायचा. इंग्रजीत पाहुणे दोन्ही बाजूंनी येतात, हे त्यांनी स्वतःच ताडलं. काही घरमालकाच्या पुढ्यात ओळीने बसतात, काही 'ऑफ'चा हात धरून मागून शिरतात. सापडलेला प्रत्येक शब्द त्या कागदाच्या कातरणीवर लिहायच्या. अशा कातरणींची चार जाड वह्या होतील एवढी बाडं त्यांनी शिवून ठेवली होती. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पण 'सस्सेप्टिबिलिटी' हा शब्द मी त्यांच्याकडून शिकले.

गेल्या वर्षी कळलं की प्रबंध यापुढे संगणकावरच घेणार आणि बांधणीची खोली उन्हाळ्यानंतर बंद. ताईंना झेरॉक्सच्या खिडकीवर बसवणार होते. दुसरी एकच वाट होती. जुनी पुस्तकं दुरुस्त करणारे काका निवृत्त होत होते; त्यांच्या जागेसाठी अभिलेखागाराचा वर्षभराचा अभ्यासक्रम लागायचा. प्रवेशाला वय पंचेचाळीसच्या आत आणि आठशे शब्दांचा निबंध, शास्त्रीय लेखनाच्या रीतसर इंग्रजीत. ताईंना पंचेचाळीस पूर्ण व्हायला सात महिने राहिले होते. म्हणजे यंदा नाही, तर नाहीच.

ताईंनी तीन आठवडे खपून निबंध लिहिला. रविवारी माझ्यासमोर ठेवला तेव्हा मी थक्क झाले. काय एकेक वाक्य. 'प्रिझर्व्हेशन', 'सिग्निफिकन्स', 'इम्प्लिकेशन्स' सगळे नटूनथटून हजर. मी दोन स्पेलिंगं सुधारली आणि आता डोळे मिटून पाठवा, असं सांगितलं. सल्ला द्यायला काय लागतं.

अर्जदारांना एक कच्चा मसुदा आधी दाखवायची सोय होती. दहाव्या दिवशी तो परत आला. अभ्यासक्रम चालवणाऱ्या बाईंनी शेवटी पेन्सिलीने लिहिलं होतं की ही चाळीस शीर्षकं आहेत, मजकूर कुठे आहे? यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलंत?

माझ्या नवऱ्याने, म्हणजे ताईंच्या धाकट्या भावाने, कागद वाचला आणि म्हणाला, "ताई, तू पुस्तक घरी ठेवून नुसते पुठ्ठेच पाठवलेस."

मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ताई मात्र कागद उजेडाकडे धरून पेन्सिलीची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होत्या. त्यांना राग आला नव्हता, कोडं पडलं होतं. एवढे भारी शब्द एकत्र बसवले आणि तरी आत कुणी नाही, हे कसं काय? हा प्रश्न त्यांनी मला विचारला. आता पक्का निबंध द्यायला सोळा दिवस होते.

म्हणून मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या खोलीत जाऊन बसले. यापूर्वी मी तिथे फक्त निरोप द्यायला गेले होते. खोलीत खळीचा आंबूस वास. भिंतीशी बिडाचं दाबयंत्र, वर दाब आवळायचं मोठं चाक. टेबलावर घडी बसवायची हाडाची पट्टी, गुळगुळीत होऊन पिवळी पडलेली. मी वही उघडली आणि म्हटलं, इंग्रजी राहू द्या, काय पाहिलंत ते मराठीत सांगा.

ताई म्हणाल्या, पाहण्यासारखं काय असतं, पुस्तकं येतात आणि जातात. मग म्हणाल्या, काही परतही येतात.

इथून गाडी रुळावर आली. बांधलेल्या प्रत्येक प्रबंधाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत ताई पेन्सिलीने बारीक तारीख घालायच्या. सवय, दुसरं काही नाही. दुरुस्तीला परत आलेल्या प्रबंधांची एक मांडणी कोपऱ्यात होती. ताईंनी एक काढला, तारीख पाहिली, दुसरा काढला. मग आम्ही दोघी जमिनीवर बसून सगळेच काढायला लागलो. एकसष्ट प्रबंध. त्यांतल्या पन्नासांवर तारीख होती सादर करायच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यातली.

कारण ताईंना तिथल्या तिथे कळलं. पुठ्ठा चढवलेलं पुस्तक दाबाखाली चोवीस तास राहायला हवं, तरच पुठ्ठा आणि कणा जिथे जोडतात तो भाग नीट धरतो. शेवटच्या आठवड्यात दारात रांग. मुलं रडकुंडीला आलेली. कुणाचं पुस्तक तीन तासांत निघायचं, कुणाचं एका तासात. सहा-सात वर्षांनी तेच पुस्तक पुठ्ठा गळून परत. इतकी वर्षं पुरावा खोलीच्या कोपऱ्यात उभा होता आणि कुणी विचारलं नव्हतं.

पुढचे दोन आठवडे मला फार आवडले. ताई आधी घडलेलं सांगायच्या, मी मराठीत उतरवायचे, मग त्याला इंग्रजीत नाव शोधायचं. सुरुवात 'बाइंडिंग' या एका शब्दापासून. पुढे एक विशेषण बसलं, 'हरीड बाइंडिंग', म्हणजे घाईची बांधणी. मग मागून मुदतीचा शेवटचा आठवडा जोडला. नाव लांबलं, पण आता त्यातला एकेक शब्द ताईंच्या ओळखीचा होता. माझ्या लक्षात आलं की घडलेल्या गोष्टीला असं नाव दिलं की ती वस्तूसारखी टेबलावर ठेवता येते, चहूबाजूंनी पाहता येते, पुढच्या वाक्यात उचलून नेता येते. आपल्याकडेही बांधणं असतं आणि बांधणी असते. मी जन्मभर दोन्ही बोलत आले आणि कधी थांबून पाहिलं नाही. वाक्याला काही करायला लावायचं तर क्रियापदही हवं, हे ताईंनी पेन्सिलीच्या त्या शेऱ्यातूनच उचललं. आता प्रत्येक ओळीत कोण हलतंय, कोण बसलंय, हे त्या बोट ठेवून तपासायच्या. बाडांतले जुने शब्दही उपयोगी पडले. फक्त आता ताई त्यांना कामाला लावून मगच आत घेत होत्या.

शेवटच्या परिच्छेदाशी आम्ही अडलो. मी मोठ्या खुशीत एक वाक्य रचलं होतं, की या पुस्तकांच्या बिघाडामागे 'अपुरा दाबकाळ' हे प्रमुख कारण आहे. इंग्रजीत तर ते आणखी भारदस्त वाटत होतं. ताईंनी ते दोनदा वाचलं.

"वहिनी, यात पुस्तकं दाबाखालून बाहेर काढली कुणी?"

मी म्हटलं, रीतसर लिहिण्यात ते नाही सांगितलं तरी चालतं. कुणी विचारत नाही. ज्यांच्याकडे प्रवेश मागायचा, त्यांनाच आपलं बिघडलेलं काम कशाला दाखवायचं?

"मीच काढली ना," ताई म्हणाल्या. "मग ती काय आपोआप निघाली?"

मी बरंच समजावलं. सात महिन्यांची आठवण करून दिली, झेरॉक्सची खिडकी दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझं वाक्य ठेवलं, कारण ते खरं होतं, आणि त्याच्या खाली साध्या इंग्रजीत पाच-सहा शब्दांची ओळ लिहिली, की ही पन्नास पुस्तकं मी बांधली. मला ती ओळ साफ नापसंत होती. निबंध तसाच गेला.

मुलाखतीला मी सोबत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसले. इतर उमेदवार दहा-दहा मिनिटांत बाहेर येत होते. ताईंना पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी त्या ओळीला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या, ते सांगण्यासारखं नाही. ताई बाहेर आल्या त्या पाणी मागतच. सगळे प्रश्न त्याच ओळीवर आले होते. पेन्सिलीने शेरा लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, हे माहीत होतं तर आधी का नाही थांबलात? ताईंनी सांगितलं होतं की दिसत होतं, पण मोजलं नव्हतं. निबंध लिहायला बसले तेव्हा मोजलं.

"मग?"

"मग काही नाही. त्या पुस्तकं बघायला येणार आहेत गुरुवारी."

गुरुवारी पेन्सिलवाल्या बाई खरंच आल्या. उंच, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं थोडं. ताईंनी एक प्रबंध आडवा ठेवला आणि पुठ्ठ्याच्या जोडावरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा किंचित आत गेला. बाईंनी आपला अंगठा फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला आणि याला तुम्ही काय म्हणता असं विचारलं.

ताई जरा संकोचल्या. म्हणाल्या, इंग्रजी शब्द खूप शोधला, मिळाला नाही. मी आपली कच्चा सांधा म्हणते.

आमच्या पुस्तकांतही याला शब्द नाही, असं म्हणत बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, वही काढली आणि तो शब्द मराठीतच लिहून घेतला. मग दुसरा प्रबंध मागितला. मी चहा आणायला गेले, परत आले तेव्हा दोघी सोळाव्यावर होत्या.

आठव्या दिवशी निवडयादी लागली. बारा जणांत ताई चौथ्या. मी फोन केला तेव्हा खोलीत मुदतीच्या आठवड्याची रांग होती, बांधणीची शेवटचीच. ताईंनी बातमी ऐकली, बरं झालं म्हणाल्या आणि मला जरा फोन धरायला सांगितलं. पलीकडून एका मुलीचा अगदी काकुळतीला आलेला आवाज येत होता, की आज संध्याकाळी नाही मिळणार का हो.

"नाही गं," ताई म्हणाल्या. "उद्या याच वेळेला ये. तोवर ते चाक कुणी हलवणार नाही."