मांजरेच्या कोरड्या पात्रात

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं आणि त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. नव्या जिल्ह्यातल्या झाडाझुडपांचे नमुने जमवायचं काम माझ्याकडे आलं. मांजरेच्या काठाने चार दिवस पायी जायचं ठरवलं आणि सोबत मायला घेतलं. मला पुस्तकातली नावं यायची. रानातलं झाड ओळखावं ते तिनेच.

पात्रात थेंब नव्हता. वाळूत झिरे खोदून बाया वाटीवाटीने पाणी भरत होत्या. माय पुढे चालायची. "ह्यो तरवड. गुरं तोंड लावत न्हाईत, म्हणून उरलाय." मी डहाळी कापून जुन्या वर्तमानपत्रात दाबायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका वळणावर जरा ओल होती. तिथे धोतरा हिरवागार उभा होता. मी वाकलो, तशी माय मटकन खाली बसली.

धोतऱ्याकडे बघत म्हणाली, "तुझी अक्का तापानं गेली न्हाई."

मागच्या मोठ्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची. मी लहान, मामाकडे होतो. नऊ वर्षांची अक्का घरी एकटी. एक दिवस तिने नदीतून भाजी खुडून आणली, शिजवली, मायचा वाटा झाकून ठेवला आणि आपला खाल्ला. तांदुळज्यात धोतऱ्याची कोवळी पानं आली होती.

"मी आले तवा हवेत हात मारीत होती. मला वळखलं न्हाई."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"लोक म्हनले असते, मायनंच इख घातलं."

मी कात्री पिशवीत टाकली. माय एकदम तडकली, "ठिवली कशाला? काप. नाव लिव्ह. पोरान्ला कळू दे."

मी डहाळी कापली. पानं तिनेच तळव्याने कागदावर सरळ केली.

चौथ्या दिवशी अक्काला पुरलेली जागा दाखवते म्हणाली. काठावरच्या बाभळीखाली पुरलं होतं. पण मधल्या पुरांनी काठच खचवला होता, बाभूळही नव्हती. उन्हात ती वर-खाली फिरत राहिली. "हितंच असंल." मग, "न्हाई, आनिक पुढं."

शेवटी थांबली. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, यष्टी निघून जाईल."