दोन गोळ्या एकदम

पन्नासचं दशक सरत आलं होतं. दिवाळीनंतर माझ्या नवऱ्याचं बोलणं कमी होत गेलं आणि संक्रांतीपर्यंत बंदच झालं. वर्ध्याच्या शाळेत ते गणित शिकवायचे. आता फळ्यापुढे खडू धरून नुसते उभे राहतात, असं हेडमास्तर घरी येऊन सांगून गेले. एकदा हे विहिरीवर गेले आणि कितीतरी वेळ आत वाकून बघत राहिले. मी मागून सदरा घट्ट धरला. त्यानंतर त्यांना एकटं सोडलं नाही.

नागपूरला विलायतेहून शिकून आलेले एक डॉक्टर होते. त्यांनी दोन नव्या गोळ्या दिल्या. त्यातली एक मुळात क्षयाच्या रोग्यांसाठी निघालेली.

"एकीचा गुण येतो का, याची वाट कशाला बघायची? दोन्ही पहिल्या दिवसापासून देऊ," ते म्हणाले.

मला धास्ती वाटली, पण विचारायची हिंमत झाली नाही.

कारंज्याहून सासूबाई आल्या होत्या. "दोन दोन काऊन देऊन राह्यली? त्याले सोसन काय?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय, आई."

पाचव्या दिवशी दुपारी यांचे हात थरथरू लागले. सदरा घामाने चिंब झाला, अंग भाजत होतं. दातखीळ बसल्यासारखा जबडा. मला ओळखेनात. "फळा पुसा, फळा पुसा," एवढंच पुटपुटत राहिले. इतक्या दिवसांनी आवाज ऐकला तो असा.

संध्याकाळच्या गोळ्या माझ्या हातात होत्या. दिल्या तर हे जातील, नाही दिल्या तर पुन्हा विहीर.

"देऊ नोको," सासूबाई रडतच म्हणाल्या. "टांगा बोलाव."

दवाखान्यातल्या वयस्क डॉक्टरांनी गोळ्या उलटसुलट करून पाहिल्या. "यातलं मला फार कळत नाही, बाई. पण आता एकही देऊ नका." दोन दिवस आम्ही दोघींनी ओल्या चादरी बदलल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, त्यांनी मला नावाने हाक मारली, आणि मी तिथेच फरशीवर बसले.

पुढे मी एकटी नागपूरला गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"या दोन एकत्र तुम्ही आधी किती जणांना दिल्या होत्या?" मी विचारलं.

"तुमचे पहिलेच."

मग पंधरा दिवस औषध बंद ठेवून त्यांनी एकच गोळी सुरू केली, तीही अर्धी. रोज ती देण्याआधी मी यांच्या कपाळाला हात लावून बघायचे. उन्हाळ्यात हे जेवणात मीठ कमी आहे म्हणाले, जूनमध्ये शाळेत गेले.

त्या पाच दिवसांतलं त्यांना काहीच आठवत नाही. मी मात्र पुढे कित्येक वर्षं, साध्या डोकेदुखीची गोळी दिली तरी तासभर त्यांच्याजवळून हलत नसे.