कासवाच्या गोष्टीसाठी आलेला म्हातारा

इराणमधल्या रश्त शहराच्या बालवाचनालयात मेहरअंगीज खानम तरुणपणापासून पुस्तकं देत होत्या. बागेची भिंत ओलांडून निघून जाणाऱ्या कासवाची गोष्ट मुलांची लाडकी. पण शहाच्या काळात पुस्तकं तपासणारा फरहमंद नावाचा सरकारी साहेब आला आणि दरडावून म्हणाला, "ही भिंत म्हणजे कोण, ते सांगा." क्रांतीनंतर दुसऱ्याच साहेबानं विचारलं, "बाग सोडून जायला कोण शिकवतंय?" तेव्हापासून कुणा मोठ्या माणसानं ती गोष्ट मागितली, की खानमना संशय यायचा.

इराकबरोबरचं युद्ध संपल्यावर एक म्हातारा ती मागायला आला. आवाजावरून त्यांनी ओळखलं, हा तर फरहमंद!

"आता काय शोधताय?"

"कासव शेवटी परत येतं का हो?"

"तुम्ही तर तेव्हा ओळ न् ओळ तपासली होती."

"तेव्हा मला भिंतच दिसत होती, खानम. आता मुलगी जर्मनीला गेलीय. फोनसुद्धा करत नाही."

हा आपल्याकडून काही वदवून घेतोय, असं खानमना वाटलं. त्यांनी चहा दिला, पण पुस्तक घरी नेऊ दिलं नाही.

वाचताना त्याचे डोळे भरून आले. "मुलं काय म्हणतात, येईल का ते?"

"मुलं ते विचारतच नाहीत. ती त्याच्याबरोबर निघून जातात."

तो गेल्यावर खानमनी पान न् पान चाळलं. त्यानं कुठे खूण तर केली नाही ना!