गुरुजींचं जहाज

अमडापूरच्या रमाकांत गुरुजींनी समुद्र कधी पाहिलेला नाही. पण सत्यनारायणाच्या कथेत व्यापाऱ्याचं जहाज येतं, म्हणून ते चौरंगाशेजारी जहाजाचं चित्र मांडतात. तिकिटं जमवायचा नाद. त्यातल्याच एका परदेशी टपाल तिकिटावरचं शिडाचं जहाज त्यांनी मोठं छापून फ्रेम केलं. डेकवरून धूर निघतोय तो प्रसादाचा शिरा शिजतोय त्याचा, असं ते छातीठोकपणे सांगायचे. बायका त्या धुरालाच हळदकुंकू वाहायच्या.

एवढ्यावर थांबावं की नाही? पण या माणसाला जहाजाचं नावही हवं होतं! भिंग घेऊन बसले, सुनेला मोबाइलवर शोधायला लावलं. भार्गवीने शोधलं. जहाज ऐतिहासिक होतं, देवमासे मारणारं. कडेच्या होड्या शिकारीच्या आणि डेकवर विटांची भट्टी, देवमाशाची चरबी कढवायला.

कांदा-लसूणही न खाणाऱ्या गुरुजींनी पुन्हा आंघोळ केली आणि उकंडरावांच्या पूजेला रिकाम्या हाताने गेले.

"जहाज काऊन नाही आणलं जी? त्याच्याबिगर पूजा कशी होईन?" उकंडराव दारातच अडून बसले. फ्रेम आणावी लागली.

जहाजात नुसता पालापाचोळा आहे, असं व्यापारी खोटं सांगतो, तो अध्याय संपला. उकंडरावांच्या पुष्पाबाई हळदकुंकू घेऊन पुढे आल्या.

"गुरुजी, आज धुराचं सांगतलं नाही. काय शिजून राह्यलं तिथं?"

गुरुजींनी पोथी मिटली.

"पालापाचोळा," ते म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले.