दुसरा हात दाव

नाण्याच्या जादूतले पहिले चार धडे कोणालाही जमतात. डाव्या हातात नाणं दिल्यासारखं करायचं, उजव्यातच ठेवायचं आणि डावी मूठ उघडून रिकामी दाखवायची. पाहुणे खूश होतात, भाच्या टाळ्या वाजवतात, आणि आपल्यात काहीतरी खास आहे असा गैरसमज होतो. माझा गैरसमज कंपनीच्या बसमध्ये, चाकणच्या वाहतूक कोंडीत, एका वाक्यात संपला.

"दुसरा हात दाव."

शेजारच्या सीटवर क्वालिटीचे काका बसत. चाकणजवळच्याच गावचे, शेती सांभाळून नोकरी केलेले, आणि सगळं आयुष्य इतरांनी बनवलेल्या वस्तूंत दोष शोधण्यात घालवलेले.

मग मी पुढचं शिकायला घेतलं. नाणं तळहातात, अंगठ्याखालच्या आणि करंगळीखालच्या मांसामध्ये चिमटून धरायचं आणि हात मात्र रिकाम्या हातासारखा सैल ठेवायचा. सांगायला सोपं आहे. व्हिडिओतले गुरुजी काळ्या मखमलीवर हात ठेवून 'विस्मय ही प्रेक्षकाला दिलेली भेट आहे' वगैरे बोलत. त्यांचं नाणं पुरीएवढं होतं. आपल्याकडे त्यातल्या त्यात मोठं म्हणजे दहाचं, जे निम्मे दुकानदार घेत नाहीत. माझा तळहातही ते घेईना. घाम आला की निसटे, हात कोरडा पडला की निसटे. बसमध्ये ते ड्रायव्हरच्या सीटपर्यंत घरंगळत जाई आणि पुढून कोणीतरी ओरडे, "जादूगार, तुमचा हत्ती सुटला!"

पाच-सहा महिन्यांनी ते हातात राहू लागलं. काकांना दाखवलं.

"आंगठा."

"काय झालं अंगठ्याला?"

"लाकडावानी हुबा हाय. नाणं कोन बघतंय? मी हात बघतो."

अंगठा सैल केला तर करंगळी आखडली. करंगळी सुधारली तर मी स्वतःच त्या हाताकडे बघत होतो. तेही सुधारलं, तर म्हणाले, "दम कोंडतोयस, भावा." घरी आरशासमोर उभा राहून मी रिकामा हात लटकवण्याचा सराव करू लागलो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आपला हात एरवी कसा लटकतो हे ठाऊक नसावं, याचा मला संताप येई. बायको म्हणाली, "फिजिओथेरपीवाल्याला दाखवून ये."

त्यातच काका महिनाअखेरीस निवृत्त होणार असल्याचं कळलं. बाकी सगळ्या बसला फसवून उपयोग नव्हता. मला याच माणसाकडून पास व्हायचं होतं.

निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. काकांचं आडनाव दोनदा चुकवून साहेबांनी त्यांना कंपनीचा कणा म्हटलं. मग नेहमीची बस, नेहमीची सीट, काकांच्या मांडीवर नारळ. मी नाणं काढलं, डाव्यात दिल्यासारखं केलं, मूठ उघडली.

"गेलं की राव!"

दुसरा हात त्यांनी मागितलाच नाही. अर्धं मिनिट मला फार बरं वाटलं. मग सहज उजव्या हाताकडे लक्ष गेलं. बोटांच्या फटीतून नाण्याची पिवळी कड चक्क बाहेर डोकावत होती. मला दिसली, आणि काकांना दिसली नाही?

"काका, खरं सांगा."

"चालतंय की."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मापात न बसलेला पार्ट आमच्याकडे सही घेऊन पुढे सरकवतात, त्याला डेव्हिएशन म्हणतात. अशा कागदाला काकांनी कधी आपलं पेन टेकवलं नव्हतं. शेवटच्या दिवशी टेकवलं, ते माझ्यासाठी.

"मला डेव्हिएशन नको," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण पुढचे दोघे वळून बघू लागले.

"आज तरी गोड बोलू दे की लेका."

"नको."

चिंबळी फाटा आला. काका उठले, नारळ काखेत मारला.

"मग रिजेक्ट. कड दिसली. आन् मूठ उघडायच्या आदीच तुझं तोंड हसत व्हतं."

ते उतरले. बस जेमतेम शंभर पावलं पुढे जाऊन पुन्हा थांबली, आणि मी खिडकीच्या काचेत स्वतःचं तोंड बघत बसलो.