लेकीचं स्वच्छ मराठी

मंडळी, उद्या लेकीच्या कॉलेजचं ओरिएंटेशन आहे, पालकांनाही बोलावलंय. इथे लखनौच्या चौकात माझं सोनं गाळायचं दुकान आहे, ते उद्या बंद ठेवणार होतो.

आज तिची मैत्रीण घरी आली होती. दोघी आत उद्याचे कपडे ठरवत होत्या, मी बाहेर माझ्या शर्टाला इस्त्री करत होतो.

एरवी आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असंच चालतं. आज मात्र मैत्रिणीला कळू नये म्हणून ती आईला मराठीत म्हणाली, "उद्या तू एकटीच ये. पप्पांचे हात तेजाबानं डागाळलेत, लोक बघत बसतात."

बायको म्हणाली, "बरं."

पोरगी मराठी बोलावी म्हणून किती वर्षं मागे लागलो होतो. आज एकही शब्द चुकली नाही.

तुम्ही उद्या गेला असता का?