लख्ख केलेला फोटो

फोटोवाल्याचा जन्म लोकांचे चेहरे सुधारण्यात गेला होता. डाग पुसायचे, सुरकुत्या विरवायच्या, गिऱ्हाईक आरशात दिसतं त्याहून बरं दिसलं पाहिजे. त्यात त्याचा हातखंडा होता. घरच्यांचे फोटो काढायला मात्र त्याला कधी सवड झाली नाही.

म्हणून विसराळू झालेले वडील घरातून निघून गेले, तेव्हा त्यांचा अलीकडचा एकच फोटो सापडला. बहिणीच्या फोनमधला, हललेला. फोटोवाल्याने तो एका नव्या ॲपमध्ये घातला आणि ॲपने चुटकीसरशी चेहरा लख्ख करून दिला. "अगदी समोर बसल्यासारखे वाटतात रे," म्हणत बहीण रडली. त्यालाही भरून आलं. फोटो त्याने दिसेल त्या ग्रुपवर टाकला.

फोटो असा फिरला की विचारता सोय नाही. जन्मात न पाहिलेली माणसं हात जोडलेली चित्रं पाठवू लागली. कुठून कुठून फोन यायचे, हा धावत जायचा आणि समोर भलताच म्हातारा निघायचा. अशाच एका म्हाताऱ्यापुढे उभं असताना त्याने फोनवरचा फोटो त्याच्या चेहऱ्याशेजारी धरला. हा माणूस फोटोसारखा हुबेहूब दिसत होता. म्हणजे फोटोच वडिलांसारखा नव्हता.

घरी येऊन त्याने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. जिथे ॲपला दिसलं नव्हतं, तिथे ॲपने मनानेच चेहरा रचला होता. वडिलांची कायम अर्धी मिटलेली डावी पापणी उघडली होती. पडलेले दात परत आले होते. गालावरचा मस गायब. चेहऱ्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला हे दिसू नये, याला काय म्हणावं? तो स्वतः वर्षानुवर्षं हेच तर करत आला होता, त्याला खटकणार तरी कसं?

त्याने मूळ फोटो टाकला, आधीचा चुकीचा आहे म्हणून बजावलं. लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं. "दादा, हा अंधुक आहे, आम्ही स्पष्टवालाच पाठवतोय." बहिणीचे यजमान म्हणाले, "अरे, मग इंटरनेटवरून काढून टाक ना तो."

"ते माझ्या हातात नाही, भावजी."

"तूच टाकलास ना?"



मग बसच्या तिकीट खिडकीवरच्या बाईंचा फोन आला. "तुमचा दुसरा फोटो आत्ता बघितला. हे आजोबा परवा आमच्याकडे आले होते. घरी जायचंय म्हणत होते. आम्ही व्हायरल फोटोशी ताडून पाहिलं हो. डोळा जुळेना, दात जुळेनात. ते नव्हेत म्हटलं, आणि ते ज्या गाडीकडे बोट दाखवत होते तिच्यात बसवून दिलं. तिकीट मीच काढलं त्यांचं."

"तुम्ही नीटच बघितलंत," तो कसाबसा म्हणाला. "ती गाडी कुठे कुठे थांबते?"

"हात केला की थांबते हो. कुठेही."